एकही दाखला परत आला नाही

१

“माझ्या आईला आयुष्यात कधी साखरेचा आजार नव्हता,” काउंटरपलीकडची बाई म्हणाली. “आणि तुमच्या कागदावर ती त्याच आजाराने गेलीय. असं कसं?”

कारकुनाने तिला दोनदा समजावलं होतं. दाखला डॉक्टर देतो, आपण फक्त त्यातल्या मृत्यूच्या कारणाला कोड लावतो आणि तोही आता आपण नाही, मशीन लावतं. तिसऱ्यांदा घसा कोरडा करण्यापेक्षा त्याने सोपा मार्ग धरला आणि तिला आतल्या केबिनमध्ये चाळणबाईंकडे पाठवून दिलं. ऑफिसातलं प्रत्येक लचांड शेवटी त्याच केबिनमध्ये जाऊन पडत असे.

चाळणबाई हे नाव अर्थातच पाठीमागचं. तोंडावर सगळे नुसतं बाई म्हणत. मशीनने कोड लावलेल्या दाखल्यांमधले मूठभर उचलायचे आणि ते हाताने तपासायचे, हे त्यांचं काम. मशीन आलं तेव्हा खालचा अख्खा मजला रिकामा झाला. हाताने कोड लावणारे सगळे घरी गेले आणि मशीनवर लक्ष ठेवायला बाई तेवढ्या उरल्या. याचा त्यांना अभिमान होता आणि, खरं सांगायचं तर, थोडी लाजही वाटत असे.

“बसा,” बाई म्हणाल्या. “साखर नव्हती हे तुम्ही कशावरून म्हणता? पुष्कळांना शेवटपर्यंत पत्ता नसतो.”

“मी चष्म्याच्या दुकानात काम करते. आमच्याच ओळखीच्या डॉक्टरांनी आईचा मोतीबिंदू काढला, या वर्षीच. त्याआधी रक्त तपासतात. साखर वाढलेली असेल तर ऑपरेशनला हात लावत नाहीत.” तिने पर्समधून रिपोर्ट काढून टेबलावर ठेवला. “आणि इथे लिहिलंय, बरीच वर्षं साखरेचा आजार, त्यामुळे मूत्रपिंडं निकामी, त्यामुळे हृदय बंद. एकही गोष्ट खरी नाही.”

बाईंनी रिपोर्ट पाहिला, मग दाखल्याची नक्कल पाहिली. दाखला शहराबाहेरच्या एका वृद्धाश्रमातला होता.

“तुमचं दुःख मला कळतं,” त्या म्हणाल्या, “पण दाखला दुरुस्त करायचा तर अर्ज…”

“दाखला गेला खड्ड्यात!” ती बाई एकदम उसळली आणि लगेच स्वतःच ओशाळली. “माफ करा. आई परत येणार नाही, हे मला कळतं हो. मी आईसाठी आलेलीच नाही. माझी मावशी तिथेच आहे. त्याच खोलीत, आईच्या शेजारच्या पलंगावर. मला मूलबाळ नाही, नवरा नाही. आता मावशीशिवाय माझं कोणी उरलेलं नाही. आई गेली तेव्हापासून ती गुंगीतच आहे, काल गेले तर तिला डोळेही उघडवेनात. हाक मारली की नुसती मान हलवते. मेट्रन म्हणते, बहीण गेल्याचा धक्का. मी म्हटलं, घरी नेते. तर म्हणे डॉक्टरांची परवानगी पाहिजे. पोलिसांनी आईचा दाखला बघितला आणि मलाच पाणी पाजून परत पाठवलं.”

“वयाने होतं असं कधीकधी,” बाई म्हणाल्या, पण त्यांचा आवाज आधीइतका ठाम नव्हता.

“बाई, जायच्या आधी आठवडाभर माझी आईसुद्धा अशीच झोपून होती.”

२

बाईंनी तिला घेऊन तडक वरचा मजला गाठला. तिथे मशीनचा बाप बसत असे. म्हणजे ज्याने ते सॉफ्टवेअर लिहिलं तो प्रोग्रामर. बाईंचं आणि त्याचं विळ्याभोपळ्याचं सख्य होतं. मशीनची चूक सापडली की बाईंना जेवण गोड लागे, असं तो सगळ्यांना सांगत फिरे. त्यात अगदीच खोटं नव्हतं.

“सापडली वाटतं चूक?” बाईंना बघताच तो म्हणाला.

“सापडावी अशी माझी फार इच्छा आहे,” बाई म्हणाल्या. “हा दाखला उघड.”

दाखल्यावर कारणाच्या तीन ओळी असतात. वरच्या ओळीत शेवटी काय झालं ते. मधल्या ओळीत, ते कशामुळे झालं. आणि खालच्या ओळीत या सगळ्याचं मूळ. मशीन तिन्ही ओळी वाचतं, एकातून दुसरं होऊ शकतं का ते बघतं आणि पटलं तर खालच्या ओळीतलं मूळ मृत्यूचं कारण धरून कोड लावतं. पटलं नाही तर दाखला परत पाठवतं. मग तो दाखला कोणीतरी कर्मचारी स्वतः वाचून बघतो आणि डॉक्टरला विचारणा जाते.

पडद्यावर तिन्ही ओळी होत्या. जसं लिहिलं होतं तसं मशीनने घेतलं होतं आणि लावलेला कोड अगदी बरोबर होता.

“माझ्या लेकराची चूक नाही,” प्रोग्रामर म्हणाला. “कागदावर खोटं असेल तर मशीन काय करणार? ते काही मेलेल्याच्या घरी जाऊन येत नाही.”

बाईंना मनातून वाईट वाटलं. मशीन चुकलं असतं तर सगळं किती सोपं होतं. “त्या आश्रमाचे वर्षभरातले सगळे दाखले दाखव,” त्या म्हणाल्या.

पडद्यावर यादी आली. सगळ्या ओळी हिरव्या होत्या. बाई खुर्चीतून पुढे वाकल्या.

“परत आलेले कुठायत?”

“एकही नाही. सगळे पहिल्या झटक्यात पास.” त्याने खांदे उडवले. “चांगलं आहे की. डॉक्टर सुधारला असेल.”

“डॉक्टर सुधारत नसतात रे! मोठमोठ्या दवाखान्यांतले डॉक्टर ‘हृदय बंद पडलं’ एवढंच खरडतात आणि निघून जातात. हृदय बंद पडल्याशिवाय कोणी मरतं का? दर तीन-चार दाखल्यांत एक तरी परत येतोच. आणि इथे एकसुद्धा नाही?”

“मग?”

“मग हे दाखले कुठल्या माणसाने वाचले?”

प्रोग्रामरने यादी वर-खाली सरकवली. “पास झालेला दाखला कोणी वाचत नाही, बाई. म्हणून तर मशीन घेतलं ना. तुमच्या तपासणीत एखादा आला असेल.”

“माझ्या तपासणीत मी कोड बघते. लिहिलेलं खरं की खोटं, ते मला कुठून दिसणार?” बोलता बोलताच बाईंच्या लक्षात आलं. जो माणूस मशीनला पटेल अशी ओळ लिहायला शिकेल, त्याचा दाखला जगात कोणीच वाचणार नव्हतं.

तेवढ्यात त्यांना अप्पांची आठवण झाली आणि जीव थोडा भांड्यात पडला. अप्पा म्हणजे या ऑफिसातले सर्वांत तयारीचे कोड लावणारे. बाईंना त्यांनीच हाताला धरून काम शिकवलं होतं. मशीन आल्यावर त्यांना घरी बसावं लागलं आणि नंतर त्यांनी याच आश्रमात नोकरी धरली. दिवसा कागदपत्रं, रात्री देखरेख. आत आपला माणूस असताना काळजी कशाला? बाईंनी तिथल्या तिथे फोन लावला.

“पोरी, किती दिवसांनी!” अप्पांचा आवाज तसाच होता, मायेचा. बाईंनी सगळं सांगितलं.

“मुलीचं मन आहे, मानत नाही,” अप्पा म्हणाले. “पण डॉक्टरांचे कागद मी बघतो ना. त्या म्हातारीला साखर होतीच. बहिणीलाही आहे, घराण्यातच आहे त्यांच्या. तिचंही आता काही खरं नाही बघ. मुलीला सांग, मनाची तयारी ठेव.”

फोन ठेवून बाई सोबत आलेल्या त्या भाचीकडे वळल्या. “तुमच्या मावशीला साखर आहे?”

भाचीचा चेहरा पांढरा पडला. “छे. दोघी बहिणींचं रक्त एकाच दिवशी तपासून घेतलं होतं मी.”

म्हणजे मावशी जिवंत होती आणि तिच्या कागदांवर कोणीतरी मरणाचं कारण आधीच आणून ठेवलं होतं.

३

मशीनकडे जातं ते दाखल्याचं स्कॅन, धुऊन पुसून काळंपांढरं केलेलं. मूळ कागद तळघरात पडून राहतात. बाई तिथून त्या आश्रमाचे दाखले घेऊन आल्या आणि आश्रमाकडे जाणाऱ्या टॅक्सीत मांडीवर पसरून बघत बसल्या.

सगळ्यांवर अक्षर एकच, ठाशीव आणि सरळ. निळी, पाझरणारी शाई. आणि सगळ्यांवर एकच गंमत. खालच्या दोन ओळींवर शाई फासटलेली, हाताची कड घासत गेल्यासारखी. वरची ओळ लखलखीत. अगदी खाली डॉक्टरांची वेडीवाकडी सही, तीही स्वच्छ.

“काय बघताय?” भाचीने विचारलं. ती सारखी रस्त्याकडे बघत होती.

“अजून कळलं नाही,” बाई म्हणाल्या. ते खरंच होतं.

आश्रमाची इमारत स्वच्छ होती, व्हरांड्यात फिनेलचा वास होता. मावशींच्या खोलीत दोन पलंग, त्यातला एक रिकामा, गादी गुंडाळून ठेवलेली. दुसऱ्यावर मावशी. लहानखुरी, केस विंचरलेले, तोंड किंचित उघडं. श्वास चालू होता, पण इतका संथ की बाई नकळत पुढचा श्वास येईपर्यंत आपलाही रोखून धरत होत्या.

“मावशी, ए मावशी!” भाचीने हलवलं. मावशीने मान हलवली, डोळे उघडले नाहीत.

“तुम्ही त्यांना त्रास देऊ नका,” मागून आवाज आला. मेट्रन दारात उभी होती. उंच, घट्ट अंबाडा, डाव्या हातात किल्ल्यांचा जुडगा. “बहिणीचं दुःख आहे. झोपू द्या.”

“किती दिवस झोपणार?” बाईंनी विचारलं. “औषधं कोणती चालू आहेत?”

“डॉक्टर सांगतात ती. तुम्ही कोण?”

“मृत्यूच्या दाखल्यांची तपासणी करते मी.”

मेट्रनचा रंग थोडा उडाला. “आमचे दाखले एकदम चोख असतात. एकही परत आलेला नाही. आणि खरं सांगू? आमच्याकडे आता तक्रारच नसते. पूर्वी रात्री नुसता गोंधळ. कोण ओरडतंय, कोण पलंगावरून पडतंय. अप्पा आल्यापासून रात्री कशा शांत असतात. त्यांनी संध्याकाळचं दूध सुरू केलं, म्हणतात दुधाने झोप छान लागते.”

भाचीने मान वर केली. “मावशी म्हणायची, दूध कडू लागतं. ती बेसिनमध्ये ओतून द्यायची. मी तिला रागावले होते, नखरे करते म्हणून.” तिचा आवाज फुटला. “मी रागावले होते तिला.”

“औषधांच्या कपाटाची किल्ली कोणाकडे असते?” बाईंनी विचारलं.

“माझ्याकडे, डॉक्टरांकडे आणि अप्पांकडे,” मेट्रन म्हणाली. “डॉक्टर आत्ताच आलेत. त्यांनाच विचारा. उद्यापासून ते रजेवर आहेत.”

४

डॉक्टर भेटीच्या खोलीत चहा पीत होते. वयाने तेही आश्रमात राहायला आले असते तर शोभून दिसलं असतं. हातातली बशी टकटक वाजत होती.

“हे दाखले तुम्ही लिहिलेत?” बाईंनी एक दाखला समोर ठेवला.

“अर्थात. सही माझी आहे.”

“सहीचं नाही विचारत. वरचं अक्षर?”

“माझंच. सगळं मीच लिहितो.” डॉक्टरांनी चष्मा चढवला, उतरवला. “तुम्ही माझ्यावर शंका घेताय का?”

“तर मग एक ओळ लिहून दाखवता?”

डॉक्टरांनी बशी खाली ठेवली. थोडा चहा टेबलावर सांडला. हात थरथरत होता आणि तो लपवायला दुसरा हात पुढे आला, तोही थरथरत होता. सहीतल्या वेड्यावाकड्या रेषा आणि दाखल्यावरचं ते ठाशीव अक्षर एका हातातून आलेलं असणं शक्य नव्हतं.

“कोऱ्या फॉर्मवर सह्या करून ठेवतो,” शेवटी ते म्हणाले. त्यांचा सगळा तोरा उतरला होता. “आठवड्यातून एकदा येतो मी. मधे कोणी गेलं तर माणसं खोळंबतात. ऑफिसात ठेवून जातो. सगळेच करतात हो.”

“ऑफिसात म्हणजे कोणाकडे?”

“मेट्रन असते, अप्पा असतात. कोण भरतं ते मी कधी विचारलं नाही.”

“या मावशीला तुम्ही तपासलंत? साखर आहे तिला?”

डॉक्टरांनी पुन्हा चष्मा चढवला. ते त्या खोलीत गेलेलेच नव्हते.

“आत्ताच्या आत्ता तपासा,” बाई म्हणाल्या. त्या कधी आवाज चढवत नसत, आता चढवला. “गुंगीचं औषध पोटात गेलंय का बघा आणि ॲम्ब्युलन्स बोलवा. कोऱ्या कागदांचं आपण नंतर बघू.” डॉक्टर धडपडत उठले आणि भाची त्यांना जवळजवळ ओढतच घेऊन गेली.

सही स्वच्छ का होती ते आता कळलं. ती कित्येक दिवस आधी केलेली, वाळून गेलेली होती. पण ओळी कोणाच्या?

“पेशंट बाहेर न्यायचा तर पास लागेल,” दारातून मेट्रन म्हणाली आणि टेबलाशी वाकून लिहू लागली. पेन तेच, निळ्या पाझरणाऱ्या शाईचं. आश्रमात सगळीकडे तेच होतं. बाई बघत राहिल्या. मेट्रन डावखुरी होती. डावा हात आकड्यासारखा वाकवून, ओळीच्या वर टेकवून ती लिहीत होती. दुसरी ओळ लिहिताना तिचा तळवा पहिल्या ओळीवरून घासत गेला. पास लिहून झाला तेव्हा वरच्या ओळी फासटलेल्या होत्या आणि खालची कोरीकरकरीत.

दाखल्यांवर बरोबर याच्या उलट होतं. मेट्रन त्यातून सुटली.

बाईंनी टेबलावरचं पेन उचललं आणि पासाच्या मागे स्वतः तीन ओळी लिहिल्या, वरून खाली, उजव्या हाताने. हात सतत कोऱ्या कागदावर टेकत होता. एकही ओळ फासटली नाही. उजव्या हाताने वरून खाली लिहिणाऱ्याची शाई फासटतच नाही. खालची ओळ फासटायची असेल तर वरची ओळ लिहिताना ती आधीच तिथे, ओली, हाताखाली असायला हवी.

म्हणजे हे दाखले खालून वर भरले होते. डॉक्टर असं कधीच भरणार नाही. त्याने डोळ्यांसमोर माणूस जाताना पाहिलेला असतो, तो आधी शेवट लिहितो आणि मग मागे मागे जातो. खालच्या ओळीपासून सुरुवात करतो तो वेगळाच माणूस. तो आधी मूळ कारण ठरवतो, कोड लावताना मोजलं जातं ते तेवढंच म्हणून. मग त्याला शोभतील अशा पायऱ्या वर रचत जातो.

असं खालून सुरुवात करायची सवय असलेली, कोड लावणारी माणसं बाईंना चांगली ठाऊक होती. त्या स्वतः त्यांच्यातल्याच एक होत्या.

५

व्हरांड्याच्या टोकाला कागदपत्रांची खोली होती. बाईंनी दार न वाजवता उघडलं.

अप्पा टेबलाशी बसले होते. हातात पेन होतं. बाईंना बघून त्यांनी हसत उठायचा प्रयत्न केला आणि त्याच वेळी समोरच्या कागदावर वही सरकवली. बाई दोन ढांगांत टेबलापाशी पोचल्या आणि त्यांनी वही उचलली.

फॉर्मवर खाली डॉक्टरांची वाळलेली सही होती. नावाच्या जागी मावशीचं नाव होतं. खालच्या ओळीत साखरेचा आजार, शाई अजून चमकत होती. मधली ओळ अर्धी. वरची ओळ आणि तारीख कोरी.

“ती जिवंत आहे, अप्पा,” बाई म्हणाल्या. “डॉक्टर तिला तपासतायत. ॲम्ब्युलन्स येतेय.”

अप्पा हळूच खाली बसले. “तू फोन केलास तेव्हाच वाटलं होतं, तू येणार.”

“मला आधी मशीन खोटं वाटलं, मग डॉक्टर, मग मेट्रन. तुम्ही माझ्या डोक्यातही नव्हता. पण डॉक्टरांना सरळ रेघ ओढवत नाही. मेट्रन डावखुरी, तिच्या हाताने वरच्या ओळी पुसल्या जातात. वरच्या प्रोग्रामरला मशीनला काय पटतं ते माहीत आहे, पण त्याने या आश्रमाची पायरी कधी चढलेली नाही आणि किल्लीही त्याच्याकडे नाही. उरलं कोण? मशीनला काय पटतं ते जाणणारा, किल्ली असलेला आणि खालून वर लिहिणारा. तुम्हीच मला शिकवलंत, आधी खाली बघ. मी आजही तसंच वाचते.”

अप्पांनी पेनाला टोपण लावलं. मग बोलू लागले तेव्हा बाईंकडे बघत नव्हते.

“रात्री मी एकटा. हाताखाली एक बाई, तीही अर्धी आजारी. म्हातारी माणसं रात्रभर हाका मारतात गं. कोण आईला बोलावतंय, कोण मेलेल्या नवऱ्याला. मी दुधात झोपेचं औषध घालायला लागलो. थोडंसंच. सगळी शांत झोपली, मेट्रन खूश झाली. मग एक आजोबा सकाळी उठलेच नाहीत.” त्यांनी तोंडावरून हात फिरवला. “पाचावर धारण बसली माझी. दाखला मी भरला, जुन्या सवयीने चोख. तरी म्हटलं, हा परत येईल. कोणीतरी वाचेल आणि विचारेल. विचारलं असतं तर मी सगळं सांगून टाकलं असतं. देवाशप्पथ सांगतो. मी रोज वाट बघायचो. पण परत आलाच नाही. मग दुसरा गेला, तोही परत आला नाही. एकही नाही.”

“म्हणून दूध चालूच ठेवलंत?”

“रात्री शांत होत्या ना.”

बाईंना त्यांचा भयंकर राग आला. या माणसाने त्यांना शिकवलं होतं, की प्रत्येक कोडामागे एक माणूस असतो, हलगर्जीपणा करायचा नाही. हेच ते अप्पा.

“आजोबा तुमच्या चुकीने गेले, असं एक वेळ धरू,” त्या म्हणाल्या. “ही मावशी? हिचा फॉर्म ती जिवंत असतानाच भरायला घेतलात. ही चूक नाही, अप्पा.”

“ती दूध ओतून द्यायची,” अप्पा अगदी हळू म्हणाले. “सगळ्यांना सांगत सुटली होती, कडू लागतं म्हणून. मग मी तिला गोळीतून द्यायला लागलो. डॉक्टर उद्यापासून नाहीत. आजची रात्र गेली असती, की…”

वाक्य पुरं झालं नाही. मेट्रन दारात उभी होती आणि तिने सगळं ऐकलं होतं. “अप्पा, माझ्या म्हाताऱ्या माणसांना…” एवढंच ती बोलू शकली. किल्ल्यांचा जुडगा तिच्या हातातून गळून पडला.

“गोळी कोणती आणि आज किती दिलीत?” बाई टेबलावर वाकल्या. “ते मला आत्ता पाहिजे. दवाखान्यात सांगायचंय. एवढं तरी खरं सांगा.”

अप्पांनी सांगितलं. बाईंनी ते फोनवर डॉक्टरांना जसंच्या तसं कळवलं, मग पोलिसांना फोन केला आणि अप्पांच्याच खोलीत, अप्पांसमोर, दार लावून बसून राहिल्या.

६

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई सकाळी बाहेर आल्या आणि म्हणाल्या, वाचल्या. औषधाचं नाव वेळेवर कळलं म्हणून, नाहीतर कठीण होतं. अजून दोन दिवस नळ्या राहतील, पण आता भीती नाही.

भाची भिंतीला टेकली आणि खाली बसली. काउंटरवर आल्यापासून ती एकदाही रडली नव्हती. आता ती ओंजळीत तोंड घालून हुंदके देऊन रडली आणि बाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. त्यांना असं काही करायची सवय नव्हती, पण हात आपोआप गेला. वृद्धाश्रमातल्या सगळ्यांना तपासणीसाठी आणलं होतं. खालच्या मजल्यावर म्हाताऱ्यांची गर्दी होती आणि त्यातले निम्मे कित्येक महिन्यांनी पुरते जागे झाल्यासारखे एकसारखे बोलत होते.

आश्रमाच्या जुन्या दाखल्यांचं काय करायचं, हे बाई ठरवून आल्या होत्या. सगळे उघडायचे, एकेक घर गाठायचं आणि विचारायचं. प्रोग्रामरनेही रात्री फोन करून सांगितलं होतं, की इथून पुढे ज्या ठिकाणचा एकही दाखला परत येत नाही ते ठिकाण मशीन आधी दाखवेल. तो फोनवर थट्टा करायचं विसरला होता.

आतून नर्सने हाक मारली. “त्या जाग्या झाल्यात. कोणीतरी नात्यातलं या.”

मावशीचे डोळे उघडे होते. तिने भाचीला ओळखलं, हात उचलायचा प्रयत्न केला आणि तिच्या सुकलेल्या ओठांवर हसू आलं.

“किती झोपले गं मी,” ती म्हणाली. मग मान वळवून तिने शेजारचा पलंग बघितला. त्यावर कोणी अनोळखी बाई होती. “ताई कुठाय? ताई उठली का?”

भाची जागच्या जागी थिजली. बहीण गेली त्या दिवशी मावशीला सगळ्यांनी सांगितलं होतं. तिने मान हलवली होती आणि सगळ्यांना वाटलं होतं, तिला कळलं. ती प्रत्येक हाकेला तशीच मान हलवत होती.

“मावशी,” भाचीने तिचा हात दोन्ही हातांत घेतला. “आई गेली गं.”

मावशी तिच्याकडे बघत राहिली. डोळ्यांच्या कडेने पाणी उशीवर उतरलं.

“कशाने?” तिने विचारलं. “चांगली तर होती. माझ्याशी भांडत होती. कशाने गेली?”

भाचीने मागे वळून दारात उभ्या असलेल्या बाईंकडे पाहिलं.

हा प्रश्न बाईंनी आयुष्यभर कागदांना विचारला होता. कोणा माणसाने तो त्यांना कधी विचारला नव्हता आणि त्यांना फार भीती वाटली. तरी त्या आत आल्या, स्टूल ओढून पलंगाशी बसल्या आणि त्यांनी मावशीला खरं ते सांगायला सुरुवात केली.